एर्मिनिओला ऐकू न आलेला आवाज

आमच्या सान लोरेन्सोत कुणाच्या घरी मोठा टीव्ही आणि स्पीकरांचा संच आला, की जोडणीसाठी बोलावणं एर्मिनिओ कान्येतेलाच जायचं. साठी उलटलेला माणूस. टीव्हीच्या कपाटामागं वाकून शिरणं आताशा त्याच्या जिवावर येई. "लोक पुढून सिनेमा बघतात, मी जन्मभर मागची धूळ बघितली," असं तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पानांच्या पेयाचा, घोट घेताना तो म्हणायचा. त्यात तक्रार नसे, नुसता थकवा असे.

आमच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा; तशाच एका दुपारी, अंगाची लाही होत असताना, तो देओलिंदाबाईंकडे गेला. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई एकट्याच राहत. स्पेनमधल्या मुलीनं त्यांना होम थिएटर घेऊन दिलं होतं. चित्राचा प्रश्न नव्हता. केबलच्या डब्यातून टीव्हीत एचडीएमआयची एक वायर गेली की झालं. टीव्हीतला आवाज अॅम्प्लिफायरपर्यंत कसा न्यायचा, एवढंच ठरवायचं होतं. एक तर लाल-पांढऱ्या पिनांची जुनी वायर, नाही तर ऑप्टिकल, जिच्यातून आवाज प्रकाश होऊन जातो. ऑप्टिकल नाजूक, फार मुडपली की गेली. तिच्यासाठी अख्खं कपाट पुढं ओढावं लागणार होतं. लाल-पांढरी नुसता हात घालून लागत होती. त्यानं तीच लावली आणि झालं म्हणून सांगितलं.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. डास गुणगुणावा तसा बारीक आवाज येतोय म्हणाल्या. एर्मिनिओनं स्पीकरला कान लावला. काहीच नाही. फ्रिजचा असेल, असं तो म्हणाला. बाईंनी उठून फ्रिज बंद केला. गुणगुण चालूच आहे म्हणाल्या. त्यानं ऐकू आल्यासारखी मान डोलवली.

"मिस्त्री, तुम्हाला ऐकूच येत नाहीये ना?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मागच्या बाकावरची पोरं काही न ऐकता अशीच मान डोलवायची."

एर्मिनिओ खाली बसला. घरी रेडिओवरून रोज होणारी भांडणं त्याला आठवली. आवाज किती मोठा करतोस, असं बायको निदिया ओरडायची आणि तो तिलाच चिडकी ठरवायचा. इतकी वर्षं ज्या कानांवर पोट भरलं, ते कधी विझत गेले ते कळलंही नव्हतं.

"जुन्या वायरीत अशी गुणगुण शिरते. दुसरी घालून बघतो," तो अखेर म्हणाला. "पण तो आवाज गेला की नाही, ते तुम्हालाच सांगावं लागेल."

"सांगेन की. तुम्ही जोडा, मी ऐकते."

दोघांनी मिळून कपाट ओढलं. त्यानं लाल-पांढरी काढली, ऑप्टिकल हलक्या वळणानं फिरवून बसवली. आधी स्पीकर मुकेच राहिले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज नव्या वाटेला लावावा लागला. मग बातम्या देणारी बाई बोलू लागली. एर्मिनिओ देओलिंदाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. त्याला मघाच्या आणि आताच्या आवाजात तिळाचाही फरक कळत नव्हता.

"गेला," बाई म्हणाल्या. "अगदी स्वच्छ."

त्यानं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. दुसरं करणार काय?

घरी निदिया मांडिओकाचे कंद सोलत होती. त्यानं घडलं ते सांगितलं.

"दोन वर्षं हेच सांगतेय तुला."

"ऐकू आलं नाही," तो म्हणाला. ती हसली, मग सुरी खाली ठेवून त्याच्याशेजारी येऊन बसली.

आता डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलंय, पण त्यातून सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं म्हणून कामावर तो ते काढून ठेवतो. काम सुटलेलं नाही; कष्टाशिवाय घर चालत नाही. निदिया बरोबर जाते. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसून कान देते. आवाज स्वच्छ आहे अशी तिनं मान डोलवली, की तो पक्कड पिशवीत टाकतो.