गुरुवारची वाळू

यवतमाळहून निघालेली बस सकाळी स्वारगेटला पोचली, तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत दोन फ्लॉप्या होत्या. रात्रभर मी त्या तान्ह्या मुलासारख्या जपल्या होत्या. आमच्या तंत्रनिकेतनातल्या पोरापोरींची वर्षभराची मेहनत त्यांत होती. हडपसरच्या एका फाउंड्रीने, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याने, आम्हाला चार वर्षांच्या वाळूच्या नोंदी पाठवल्या होत्या. साच्याच्या वाळूत किती ओलावा असला की पंपाचे सुटे भाग ओतताना खराब निघतात, हे संगणकाने आधीच सांगावं, असा आमचा खटाटोप. शुक्रवारच्या बैठकीत साहेबांना तो पटला, तर करार होणार होता. दर वर्षी आमची आठ मुलं तिथे सहा महिने शिकणार. लोखंडाचा रस फक्त फळ्यावर पाहिलेली मुलं! मला तो करार हवाच होता.

नारायण पेठेतल्या लॉजवर सामान टाकलं आणि खालच्या हॉटेलात पोहे मागवले. सवयीने वर तर्री (चण्याचा तिखट रस्सा) मागितली. मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पोह्यांवर रस्सा? कोरडे वाटत असतील तर चहा ओता. तो तयार आहे."

आमच्याकडे असं कोणी बोललं असतं तर मी उठून गेले असते. इथे मात्र पोहे इतके सुरेख होते, की मुकाट्याने दुसरी बशी मागवली.

बैठक दुसऱ्या दिवशी होती, पण आधी एकदा फाउंड्री डोळ्यांनी पाहावी म्हणून हडपसरची बस धरली. रस्त्याच्या एका अंगाला भाजीचे ट्रक, दुसऱ्या अंगाला नव्या काचेच्या इमारतीला बांधलेल्या बांबूच्या परांच्या. कंडक्टर म्हणाला, "तिथं काँप्युटरवाले येणारेत." कारखान्याचं फाटक बंद होतं. पहारेकरी स्टुलावर पेपर वाचत होते.

"आज गुरुवार ना, बाई. गुरुवारी इकडे वीज नसते. आमची सुट्टी गुरुवारची. रविवारी या, चालू असतं."

"दर गुरुवारी?"

"मी लागलो तेव्हापासून."

मी तिथेच कट्ट्यावर बसले आणि पिशवीतून नोंदींचे कागद काढले. नोंदी रोजच्या होत्या, एकही दिवस सुटलेला नव्हता. रविवारचेही आकडे पाहून मी वर्गात पुणेकरांच्या कामसूपणाचं कौतुक केलं होतं. आता बोटाने गुरुवार शोधू लागले. साडेतीन टक्के. सव्वातीन. पुन्हा साडेतीन. बंद कारखान्यात, विजेशिवाय, चार वर्षं कोणीतरी दर गुरुवारी वाळू तपासत होतं!

प्रत्येक पानाखाली साहेबांच्या सहीशेजारी नोंद करणाऱ्याची एकच सही होती, कि. बा. पोकळे. पहारेकऱ्यांनी पत्ता सांगितला, "किसनराव व्हय? धायरीला, मारुतीच्या देवळामागं." स्वारगेटला बस बदलून मी धायरी गाठली.

किसनराव अंगणात सायकलची चेन घालत होते. कागद पाहून ते आधी हसले.

"म्याच लिवल्यात की. वाळू मुठीत धरली की कळतं, मग यंत्रावर कशाला ठिवायची? पर सायबाला कागुद लागतो. महिनाअखेरीला एका बैठकीत तीस रकानं भरायचं. गुरुवार ध्यानातच आला नाय, बघा."

"अहो, माझ्या पोरांचं वर्ष गेलं यात!" मी ओरडलेच.

त्यांचं हसू मावळलं. चेन सोडून ते उभे राहिले. "पोरांचं वंगाळ झालं," ते म्हणाले. "आमाला कोन बोललंच नाय, का ह्यावर कुनी शिकतंय."

त्यांच्या बायकोने आग्रहाने जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी आणि कोरड्यास (भाकरीशी खायची पातळ भाजी). रागातही मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग किसनरावांनी डब्यातली काळी वाळू काढली, पाण्याचा हबका मारला, मळली आणि मुठीत दाबली. गोळा मधोमध मोडला.

"कड कशी शाबूत ऱ्हायली! अन् हाताला काय चिकटलं?"

काही नव्हतं. मी करून पाहिलं, तर तळवा काळा झाला.

"लय वली. ह्यात रस वतला तर वाफ कोंडून भोकं पडतील."

सतरा वर्षं मी हा विषय शिकवते. त्या अंगणात मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. निघताना म्हटलं, "मी उद्या तुमचं नाव घेणार नाही."

"दोन वर्सं ऱ्हायल्यात माझी नोकरीची," एवढंच ते म्हणाले.

शुक्रवारी व्यवस्थापक केतकर टेबलामागे बसले होते, किसनराव दाराशी उभे. फ्लॉप्या पिशवीतच ठेवून मी म्हणाले, "आमचा प्रोग्राम उपयोगाचा नाही. ज्या नोंदींवर तो उभा आहे, त्या वाळूच्या नाहीत."

"आपल्याला आमच्या नोंदी खोट्या म्हणायच्या आहेत?"

करार गेला, हे मला दिसत होतं. तरी नाव मी घेतलं नाही.

"म्या भरल्यात, सायेब. घरी बसून," दारातून आवाज आला.

केतकरांनी कागद उलटसुलट केले. "म्हणजे चार वर्षं मी दर महिन्याला ललित लेखनावर सही करत होतो. बरं जमलंय." मग त्यांनी पानाखालच्या दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. "सही माझीही आहे, किसनराव. मेमो काढायचा तर दोन काढावे लागतील." मग माझ्याकडे वळले. "वाळूचं यांना जे कळतं, ते यंत्रावर मोजून, खरं लिहून काढाल?"

"मुलं लिहितील. यांनी शिकवलं तर."

"शिकवीन की," किसनराव म्हणाले. "पर आधी म्याडमनी यावं. त्यांची वाळू लय वली हाय."

केतकर पहिल्यांदा हसले. यंदा मी, पुढच्या वर्षापासून आठ मुलं, असं ठरलं.

यवतमाळला परतल्यावर प्राचार्यांसमोर प्रशिक्षणाचा अर्ज ठेवला. 'विद्यार्थ्याचे नाव' या रकान्यात त्यांनी माझं नाव वाचलं.

"मॅडम, चूक झाली वाटतं."

"नाही सर," मी म्हणाले. "एवढा एक रकाना अगदी खरा भरलाय."