पडद्यामागची जागा

मे १९७२. वीस दिवसांच्या रजेवर मी चाकणच्या अलीकडे आमच्या गावी पोचलो. त्याच संध्याकाळी शाळेच्या मैदानात सरकारी गाडी सिनेमा दाखवणार होती. आधी युद्धाचा बातमीपट, मग पिक्चर. वेळ साडेसात.

मैदानाच्या मधोमध दोन बांबूंना पडदा. पुढे गाव बसणार, मागे आमची बौद्धवस्ती. मागूनही चित्र दिसतं, पण उलटं. पाट्या उलट्या, सगळे नट डावखुरे. आम्हाला त्याची सवय होती. सवय लावली जाते, हे मला फौजेत गेल्यावर कळलं.

त्या बातमीपटात लान्स नायक सुदाम होता. आमच्या वस्तीतला, माझ्याच सेक्शनचा रेडिओ ऑपरेटर. डिसेंबरात एका सकाळी सहा दहाला सेटवर त्याचा आवाज आला, "पुलापाशी पोचलो. ओव्हर." मी म्हणालो, "तिथेच थांब. ओव्हर." पुढे उत्तर आलं नाही. अंत्यविधी तिकडेच झाला. घरी नुसती तार आली. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. पिंपरीला कंपनीत जाणाऱ्या आमच्या पोरांनी त्याला तिथल्या थिएटरात पाहिलं आणि सोनामावशीला, त्याच्या आईला, सांगितलं. तेव्हापासून ती या गाडीची वाट बघत होती.

मी तिला नेहमीच्या जागी बसवलं. पडद्यामागे. माझं डोकं चाललंच नाही.

सात चाळीसला सुदाम आला. पाठीवर सेट, चिखलातून चालत. थांबला, हेल्मेट काढलं, हसला. चार सेकंद. वस्ती ओरडली, "सुदाम! मावशे, सुदाम!"

मावशी पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "ह्यो माझा न्हाई. माझ्याची खोक उजव्या भुवईवर हाय. बैलानं मारलेली. ह्येची डाव्या अंगाला."

मी उठलो. मशीनवाल्याकडे गेलो.

"रीळ परत लावा."

"एकदाच दाखवायचं. ऑर्डर आहे."

"त्यातल्या जवानाची आई आलीय. तिनं पोराला ओळखलं नाही."

"का?"

"मागे बसवलीय म्हणून."

"मागे कशाला?"

"गावाला विचारा."

त्यानं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मशीन थांबवलं. "पाच मिनिटं द्या, रीळ गुंडाळतो."

मी मावशीला हात धरून पुढे आणलं. पंचायतीतले एक अण्णा टॉर्च घेऊन आडवे आले.

"तुमची जागा तिकडं हाय राव. उगा तंटा नको."

"अण्णा, पुलावर सुदामला पुढे पाठवला, तेव्हा मागे थांब म्हणायला कुणी आलं नव्हतं. बाजूला व्हा."

अण्णा हलले नाहीत. सतरंजीवरची एक म्हातारी खेकसली, "आरं टॉर्च इझीव मुडद्या! ये गं सोने, बस हितं." ती सरकली. मावशी बसली. मग वस्तीतली एकेक बाई पडद्याला वळसा घालून पुढे येऊ लागली. आजही लोक म्हणतात, गाव चांगलं आहे, सरकून घेतं. हक्काच्या जागेसाठी कुणाला सरकावं का लागावं?

सुदाम पुन्हा आला. चालला, थांबला, हेल्मेट काढलं. खोक उजव्या भुवईवर.

मावशीनं दोन्ही हात वर केले, तसेच धरून ठेवले. "ह्यो. ह्यो माझा."

चित्र पुढे सरकलं. तिसऱ्यांदा लावायला सांगावं म्हणून मी उठलो. तिनं माझी बाही धरली.

"ऱ्हाऊ दे बाळा. किती चालवशील त्येला? दमला आसंल."