एका हिसक्यात सुटणारी गाठ

आमच्या मोठीमायने बांधलेली गाठ शेंबडं पोरसुद्धा सोडवू शकायचं, आणि तिला याचा भारी अभिमान होता. दुसऱ्या बायका आपल्या हातच्या पुरणपोळीची कौतुकं सांगतात, ही आपल्या गाठीची सांगायची. गोठ्यातलं दावं असो, ज्वारीच्या पोत्याचं तोंड असो की धुणं वाळत घालायची दोरी, ती एक फेरा घ्यायची, दोरीची दुमड त्यात खोचायची आणि एक टोक लोंबतं ठेवायची. टोक ओढलं की सगळं मोकळं. बांधून झाल्यावर ती स्वतःच एकदा ओढून बघायची आणि सुटली की समाधानाने पुन्हा बांधायची. "एका हिसक्यात सुटली पाहिजे," हे तिचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरात कुणी नुसता दोरीला हात लावला तरी बाकीचे एका सुरात ते म्हणायचे.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. त्या थोरल्या भावाला आम्ही मोठेबाबा म्हणतो. आमचं गाव देवणीच्या अंगाला, आणि घर गावाच्या खालच्या टोकाला, ओढ्याला लागून. उन्हाळ्यात त्या ओढ्यात पोरं क्रिकेट खेळतात. भादव्यात तोच ओढा कधी अंगणात येईल सांगता येत नाही. गावातल्या लोकांना पावसाची वाट बघायची सवय. आम्ही पावसाची वाटही बघायचो आणि धास्तीही घ्यायचो, दोन्ही एकाच वेळी.

आभाळ भरून आलं की मोठीमाय हजेरी घ्यायची. ओसरीच्या पायरीवर उभी राहून ती एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची आणि ओ आल्याशिवाय पुढच्या नावावर जायची नाही. त्यात माणूस आणि जनावर असा भेद नव्हता. "दत्ता! सुमे! लाली! सर्जा! अहो, तुमी कुठं हाव?" दत्ता म्हणजे तिचा मुलगा, सुमी म्हणजे मी, लाली गाय, सर्जा बैल, आणि 'अहो' म्हणजे मोठेबाबा. त्यांचा नंबर कायम बैलानंतर लागायचा. "मला सर्जाच्या आधी एकदा तरी बोलव की," असं ते म्हणायचे. "सर्जा बोलावल्याबरोबर येतो," हे तिचं उत्तर.

तिचं माहेर सीमेपलीकडचं, बिदरकडचं. आमच्याशी ती आमच्यासारखीच बोलायची, पण जनावरांशी मात्र कानडीत. जवळ बोलवायचं तर "बा, बा" आणि चरायला सोडायचं तर "होगु". होगु म्हणजे जा. सकाळी दाव्याचं टोक ओढायची, पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "होगु." जनावर निमूट चालायला लागायचं. "माझी जनावरं कानडी शिकली, मीच तेवढा अडाणी राहिलो," असं मोठेबाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांनी तो शब्द आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. ते आपले "चल हाऽट" वाले.

या गाठीपायी आमची फजिती कमी झाली नाही. एकदा ती लातूरला माझ्याकडे यायला निघाली, सोबत भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं. एसटीत शेजारी एक लेकरू बसलेलं. लोंबतं टोक दिसल्यावर लेकरू गप्प कसं बसेल? त्याने ते ओढलं आणि उदगीरच्या अलीकडेच सगळ्या गाडीभर शेंगा झाल्या. कंडक्टरपासून शेवटच्या सीटवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी वेचल्या आणि निम्म्या तिथेच फोडून खाल्ल्या. माझ्या दारात ती रिकामं फडकं घेऊन उभी. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "सुटली बघ कशी, एवढ्याशा लेकराच्या हातानं!"

माझ्या लग्नात तर तिने कमालच केली. होमाभोवती बसायच्या आधी करवलीने माझ्या शालूची आणि नवऱ्याच्या उपरण्याची गाठ बांधली होती, ती चालता चालता ढिली पडली. मोठीमाय लगबगीने पुढे झाली आणि तिने आपल्या पद्धतीची गाठ मारून दिली. टोक लोंबत होतं. माझ्या चुलत सासूबाईंची नजर तिथे गेलीच. "अहो विहीणबाई, ही तर वढली की सुटंल!"

"सुटायलाच पायजे," मोठीमाय म्हणाली. "जाळापाशी बसायलेत लेकरं. पदर पेटला तर काय गाठ उकलत बसावं का?"

माझी आई खाली बघायला लागली, मला हसू आवरेना. शेवटी भटजींनीच "बरोबर आहे बाईंचं" म्हणून पुढचे मंत्र सुरू केले. माझा नवरा अजूनही भांडण झालं की माझ्या पदराचं टोक ओढल्यासारखं करतो. बावीस वर्षं गाठ सुटलेली नाही, एवढं त्याच्या लक्षात येत नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहायला गेले तेव्हा मी तिला विचारलं, ही गाठ तू कुठे शिकलीस? ती गोठ्यात दावं वळत होती. हात न थांबवता तिने सांगितलं. ती नवी नवरी असताना तिच्या वडिलांनी तिच्यामागे एक गाय आंदण पाठवली होती. नवीन जनावराची खोड असते, सोडलं की जुन्या घराची वाट धरतं. ही गायही दोनदा बिदरच्या रस्त्याला लागली होती. मग मोठीमायने तिला स्वतःच्या हाताने बांधलं, गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. त्याच भादव्यात भर दुपारी ओढा गोठ्यात शिरला. घरचे सगळे माळवदावर चढले. ही मात्र गाईपाशी. दोरी भिजून फुगली होती, गाठ दगडासारखी झालेली. नखं तुटली, पण गाठ सुटली नाही. शेवटी सासऱ्यांनी हिला दंडाला धरून ओढत वर नेलं. गाय वर तोंड करून हंबरत होती, आणि मग हंबरायची थांबली.

"दुसऱ्या कुणी बांधली असती तर त्याला शिव्या घातल्या असत्या," ती म्हणाली. "मीच बांधलेली. मला जाता येत न्हवतं माहेरी, मग तिनं तरी कामून जावं, असंच आलं आसंल माझ्या मनात." मग तिने वळलेलं दावं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर, बांधून दाखव." मी बांधलं. तिने टोक ओढून बघितलं.

त्यानंतर आमच्या घराने पुष्कळ पाणी पाहिलं. भिंत पडली, कडबा वाहून गेला, एका वर्षी काढलेलं सोयाबीन ढिगातच कोंब धरून बसलं. पण दाव्याला बांधलेलं जनावर पुन्हा गेलं नाही. पाणी आलं की ती घरातल्या चीजवस्तूंकडे बघायची नाही, आधी गोठा. टोकं ओढत जायची, होगु, होगु करत, आणि जनावरं आपली आपण वरच्या माळावर जाऊन उभी राहायची.

अलीकडच्या एका भादव्याची गोष्ट मात्र वेगळी. महालक्ष्म्यांच्या सणाला मी लातूरहून गावी गेले होते. पाऊस चार दिवस थांबत नव्हता. मोठेबाबांनी सणाच्या तोंडावर देवणीच्या बाजारातून एक गाय आणली होती, पांढरंशुभ्र अंग आणि काळं तोंड. आमच्या भागात अशा रंगाला वानेरा म्हणतात, म्हणून तिचं नाव वानेरी. जिवापाड हौसेने आणलेली. ती जुन्या मालकाकडे पळून जाईल म्हणून मोठेबाबांनी तिला स्वतः बांधलं. नायलॉनची दोरी, तीन गाठी. मोठीमाय दोनदा बोलली, त्यांनी ऐकलं नाही. "रुळेपर्यंत असू दे गं. मग तुझी ती लोंबती गाठ बांध."

महालक्ष्म्या जेवायला बसल्या होत्या, पानं वाढून झाली होती, पुरणावर तूप पडत होतं. तेवढ्यात मागच्या दाराने पाणी आत आलं, गुपचूप, पायरीवरून घसरत. मोठीमायने तुपाचं भांडं माझ्या हातात दिलं आणि पदर खोचून गोठ्याकडे निघाली. जाता जाता हजेरी चालूच. मी भांडं तसंच धरून तिच्या मागे.

गोठ्यात पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. लाली सुटली, सर्जा सुटला, कालवड सुटली. राहिली वानेरी. मोठेबाबा आधीच तिच्यापाशी पोचले होते. बोटं चालेनात म्हणून दात लावत होते. विळा कोपऱ्यात होता, तो पाण्याखाली कुठे गेला कळेना. पाणी बघता बघता कमरेला लागलं. गाय वर तोंड करून हंबरायला लागली.

मोठीमाय जागीच थबकली. तिचं तोंड मी तेव्हा पाहिलं. मला ती आंदणाची गाय आठवली, तिला तर आठवलीच असणार.

"तू वर जा," मोठेबाबा ओरडले. "दत्ताची माय, तू वर जा, मी बघतो!"

"एकदा गेले मी वर," ती म्हणाली. "आता न्हाई."

तिने त्यांचे हात गाठीवरून बाजूला केले. "गाठ सोडा ती. खुंटा हलवा, खुंटा! माती भिजलीया." दोघं वाकले. पाणी हनुवटीला लागत होतं, तसे ते खुंटा इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवत राहिले. दत्तादादा माळावरून पळत आला आणि त्याने खाली बुडी मारून खुंट्याला मिठी घातली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी तुपाचं भांडं डोक्यावर धरून रडत उभी होते, एवढं आठवतं. मग खुंटा एकदम उपटून आला आणि तिघेही पाण्यात पडले. मोठीमाय उठली ती नाकातोंडातलं पाणी फुंकत, आणि तिने गाईच्या पाठीवर थाप मारली. "होगु!"

वानेरी खुंट्यासकट गेली.

पाणी उतरल्यावर माळावर सगळी जनावरं होती, ती सोडून. दोरी कुठल्या तरी बाभळीत अडकली असणार, असं सगळ्यांच्या मनात होतं. घरात चिखल, ज्वारीची पोती भिजलेली, शेतातलं सोयाबीन आडवं. त्यातलं काहीच मोठेबाबांना दिसत नव्हतं. खुंट्याच्या खड्ड्यापाशी ते बसून राहिले. मोठीमाय त्यांच्याशेजारी जाऊन बसली. एका शब्दाने बोलली नाही की मी सांगत होते म्हणून. दुसरी कुणी असती तर जन्मभर ऐकवलं असतं.

दुसऱ्या दिवशी दत्तादादाच्या मोबाईलवर फोन आला. वरच्या अंगाच्या गावातून, गाईचा जुना मालक बोलत होता. "पाव्हणं, तुमची गाय आलीय आमच्या दारात. येताना खुंटाबी घेऊन आलीय."

त्या चिखलात आम्ही सगळे जे हसायला लागलो ते थांबेचना. मोठेबाबा हसता हसता रडले. लगेच आणायला निघाले तर मोठीमायने अडवलं. "राहू द्या चार दिस. माहेरी गेलीय ती." आठवड्याने ती स्वतः गेली, मालकिणीला चोळीचा खण दिला, गाईपुढे पेंड ठेवली आणि पायी पायी घेऊन आली. दोरीचं टोक हातात, ढिलं.

त्यानंतर मोठेबाबांची शिकवणी सुरू झाली. बाजेच्या खुराला दावं बांधायचं आणि ओढून दाखवायचं. त्यांची बोटं जाड, दुमड उलटी पडायची, ओढल्यावर गाठ आणखीच आवळायची. "ह्या माणसाला सत्तरी आली, गाठ येईना," म्हणून ती कपाळाला हात लावायची. ते मुकाट्याने पुन्हा बांधायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मोठीमायचं हृदय थकलं. लातूरच्या दवाखान्यात मी तिच्याजवळ होते. हाताला सलाईनची पट्टी होती, ती बघून नर्सला म्हणाली, "बाई, ही जल्दी सुटते का?" नर्सला वाटलं आजींना घरी जायची घाई झाली आहे. तिला खरंच झाली असावी. दोन दिवसांनी ती गेली आणि आम्ही तिला गावी आणलं.

अंगणात तिरडी बांधायचं काम चाललं होतं. भावकीतली माणसं सुतळी आवळून गाठी मारत होती. मोठेबाबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. एकाएकी उठले, काठी टाकली आणि तिरडीपाशी येऊन खाली बसले.

"सोडा त्या गाठी," ते म्हणाले.

"दादा, रस्ता खराब हाय. कसून बांधल्याली बरी," भावकीतला एकजण म्हणाला.

"सोडा म्हणलं ना. तिला अडकून पडायचं न्हाई."

गाठी सोडवायला वेळ लागला, एक तर कापावी लागली. मग मोठेबाबांनी एकेक गाठ स्वतः बांधली. जाड बोटांनी फेरा घेतला, दुमड खोचली, टोक लोंबतं ठेवलं. एकही उलटी पडली नाही. प्रत्येक टोक त्यांनी ओढून बघितलं, सुटलं, आणि पुन्हा बांधलं. अंगणभर माणसं उभी होती, कुणी घाई केली नाही.

ओढ्याकाठी मीही गेले. ओढा कोरडा ठणठणीत होता, पलीकडच्या वाळूत पोरांनी रोवलेले स्टंप तसेच उभे. तिरडी खाली ठेवल्यावर दत्तादादा गाठी सोडायला पुढे झाला, त्याला मोठेबाबांनी हाताने थांबवलं. त्यांनी टोकं धरली आणि एकेक ओढली. सगळ्या गाठी एकेका हिसक्यात सुटल्या. मग तिच्या खांद्यावर हलकेच थाप मारून ते म्हणाले,

"होगु."