अकरा ठिकाणी नुसतं विचारून आलो

बसा, चहा घ्या. माझ्या हातून झालेला एक घोळ सांगतो, पण कुणाकडं बोलायचं नाही हं! म्हणजे वनितानं अख्ख्या भवानी पेठेत सांगून झालंय, तो भाग वेगळा.

वनिता म्हणजे आमची बायको. घरी कडक भाकरी करते आणि दुकानांना देते. ज्वारी मंगळवेढ्याची आणि थापणं हिच्या हातचं, मग काय विचारता! पण बारा वर्षं थापून थापून उजवं मनगट असं सुजलं, की वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, थापणं बंद. आणि नेमकी तेव्हाच पार लांब पुण्याहून एका दुकानदाराची ऑर्डर आली, दिवाळीपासून रोज माल द्यायचा. भाकरीचं मशीन आलं तर हात वाचणार, ऑर्डरही टिकणार. नाहीतर दोन्ही गेलं.

मी छाती फुगवून म्हणालो, "कर्ज मी काढतो! माझा क्रेडिट स्कोर माहितीये का? सातशे एक्काहत्तर!"

"लई हाय का ते?"

"लई म्हणजे? बँकवाले दारात येऊन बसतील!"

खोटं नव्हतं हो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कायम नोकरी, आणि गाडीचा एक हप्ता कधी चुकवलेला नाही.

पण मी पडलो मूळचा मोहोळचा. आमचे आबा बैल घ्यायचा तर अख्खा बाजार पालथा घालायचे. आई लुगड्यासाठी नऊ दुकानं हिंडायची आणि परत पहिल्याच दुकानात यायची. दोघांचं म्हणणं एकच, "इचारायला काय पैसं पडत्यात व्हय?"

मग मी काय केलं असेल? व्याजाचा भाव काढत सुटलो! दोन बँका झाल्या, एक पतसंस्था झाली, मग रविवारी दुपारी मोबाइलवर आणखी तीन. जाईल तिथं फॉर्म भरला, पॅन नंबर दिला, 'मी सहमत आहे'वर टिचकी मारली. वाचलं का? अहो, ते वाचतंय कोण!

सोमवारी पहिला नकार आला. माझं डोकंच फिरलं. मला नकार? सातशे एक्काहत्तरला? त्या रागात अजून दोन अर्ज टाकले. तिथूनही नाही. मग तर मी इरेलाच पेटलो. अजून दोन! आणि शेवटी वनिताला घेऊन थेट पेठेजवळच्या एका बँकेत गेलो, आदल्या दिवशी तिथंही अर्ज टाकून ठेवलेला होता.

तिथल्या मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"साहेब, आठवड्यात अकरा ठिकाणी कर्ज मागितलंत?"

"मागितलं कुठं? नुसतं विचारलं!"

"अहो, बाजारात भाव विचारला तर दुकानदार विसरून जातो. इथं अर्ज केला की बँक तुमचा क्रेडिट अहवाल मागवते आणि त्यात त्या चौकशीची नोंद होते. स्वतःचा स्कोर स्वतः बघितला तर काही होत नाही. पण असे एकामागोमाग अर्ज दिसले, की बँकेला वाटतं माणूस पैशासाठी कासावीस झालाय."

"मग आता स्कोर?"

"सहाशे ब्याण्णव."

वनिताकडं बघायची माझी हिंमत होईना. तिनं ऑर्डरचा कागद दाखवायला म्हणून आणला होता, तो घडी करून परत पिशवीत ठेवला. म्हटलं, आता काय खरं नाही! तर तिनं त्याच सुजलेल्या हातानं माझा हात दाबला.

"जाऊ द्या. मुद्दाम केलंय का तुमी? माझ्यासाठीच पळत हुता की."

काय सांगू, लई वाईट वाटलं मला. चारचौघांत भांडली असती तरी चाललं असतं.

मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमच्या नावावर कधी कर्ज होतं का?"

"बचत गटातनं दोनदा उचललं हुतं. फेडलं की येळच्या येळी."

मॅडमनी तिची सही घेतली आणि तिचा अहवाल काढला. सातशे ब्याऐंशी! आणि चौकशीची नोंद एकच, तीसुद्धा आत्ताची, त्यांचीच.

"तुमच्याच नावावर करू या कर्ज."

"व्हय? मला मिळंल?" वनिताचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझेही आले.

मशीन दिवाळीच्या आत आलं. मनगटाची सूजही उतरली, वेणी पुन्हा व्यवस्थित घालता येते. पण त्या दिवशी बँकेतनं निघताना मला गप्प बसवेना. मी विचारलं, "मॅडम, स्कोर परत वर आणायला मी काय करू?"

"काहीच करू नका साहेब. गाडीचा हप्ता तेवढा वेळेवर भरा. बाकी सहा महिने अगदी काही म्हणजे काही करायचं नाही."

वनिता पदर सावरत उठली.

"त्याची काळजीच करू नका म्याडम. सोळा वर्षं झाली, घरात त्येच करत्यात!"