बुडालेल्या गावाची मोजणी

निवृत्त झालो आणि पंधराव्या दिवशी बायकोनं मला स्वयंपाकघरातून हाकललं. मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की डब्यांची फळी डाव्या अंगाला पाऊण इंच खाली आहे.

"वीस वर्षांत त्या फळीवरनं एक डबा पडला नाय," ती म्हणाली. "तुमी घरात बसलात आन् ती वाकडी झाली व्हय? जावा, दुसरं कायतरी मोजा."

मोजणं हा माझा जन्मभराचा धंदा. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत मी नकाशे काढायला लागलो तेव्हा पोलीस अॅक्शन होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, पण कपाटांत निजामाच्या काळातले उर्दू नकाशे तसेच पडून होते. त्यांच्यावरून नवे काढायचे, ही माझी नोकरी. गंगापूर, पैठण, सिल्लोडचे लोक बांधाची भांडणं घेऊन यायचे, तावातावानं बोलायचे आणि शेवटी माझ्या रेघेपुढं गप्प व्हायचे. त्या रेघेचा मला भारी ताठा होता. माणूस खोटं बोलेल, मोजणीची साखळी बोलणार नाही, हे मी येईल त्याला ऐकवायचो. घरीदारी, लग्नकार्यात, कुणी काही सांगायला लागला की मी आधी त्याची चूक काढायचो. आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला तो माझा गुण वाटायचा.

तर दुसरं काय मोजायचं? दोन दिवस सिडकोतल्या आमच्या घराच्या गच्चीवर येरझारा घातल्या आणि तिसऱ्या दिवशी ठरवलं, की आपलं गाव काढायचं. आमचं गाव गोदाकाठचं. जायकवाडीचं धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. मी तेव्हा विशीचा होतो. कचेरीत त्या गावाचा नकाशा आहे, पण त्यात नुसते शेतांचे नंबर. घरं, ओटे, पार, विहिरी यांच्या जागी गावठाण म्हणून एक कोरा तुकडा. शिवाय जन्मभर नकला काढून कंटाळलो होतो. म्हणून तो नकाशा बघायचाच नाही, सगळं मनानं काढायचं, असं मी स्वतःला बजावलं. दिवाणखान्यात फळा मांडला, दुकानातून चांगला जाड कागद आणला आणि सकाळचा चहा झाला की बसायला लागलो.

पहिल्या आठवड्यातच माझी साखळी तुटली. शेजाऱ्याच्या कुंपणातली बोर, जिची बोरं आम्ही चोरायचो, ती माझ्या कागदावर मारुतीच्या देवळाएवढी झाली. गोळ्या विकणाऱ्या दुकानदाराचं फडताळ पाटलाच्या दारापेक्षा मोठं. खोडून पुन्हा काढलं तरी हात तिथंच जायचा. आधी मी चिडलो, मग मजा वाटायला लागली. शेजारी एक वही ठेवली. एक घर काढून झालं, की त्या घराबद्दल जे आठवेल ते वहीत लिहायचं. कुणी ताक दिलं, कुणी कान पिळला, हे आधी आलं. मग हळूहळू मी कुणाशी कसा वागलो ते यायला लागलं. मेंढ्या राखणाऱ्यांच्या आळीत माझ्या वर्गातला एक पोरगा होता. मास्तरांनी मला त्याची पाटी तपासायला दिली, की मी बरोबर गणितालाही काट मारायचो, कारण त्याचा आकडा माझ्यापेक्षा वळणदार असे. हे मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. वहीत लिहिलं आणि बरं वाटलं. त्या दिवशी दूधवाल्यानं हिशेबात चूक केली तरी मी ती काढली नाही. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते पाहिलं.

एका घराबद्दल मात्र वहीत काहीच लिहीत नव्हतो. ते आमचंच घर. तिथं बसलो की थोरला भाऊ आठवायचा आणि मी टाक खाली ठेवायचो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शाळा लवकर सुटली, शेतीत गेला. धरणानंतर चितेगावच्या पुढं नवं गाव वसलं, तिथं तो राहतो. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला तो पांढराशुभ्र फेटा बांधून आला होता, दुसऱ्या रांगेत बसला होता. माझं भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि जेवणाच्या पंगतीत पाहतो तर दादा नाही. न जेवता निघून गेला होता. त्यानंतर दोन वर्षं तो माझ्या घरी आला नाही. फोन केला तर "बरं हाय" एवढंच. मी मनाशी ठरवून टाकलं, की पहिल्या रांगेत बसवलं नाही म्हणून फुगला. मोठ्या माणसानं एवढ्यातेवढ्यावरून फुगावं का, म्हणून मीही फुगलो. पण खरं सांगायचं तर दिवाळीला त्याचं पाऊल घरात नसलं की मला फराळ गोड लागत नसे.

नकाशा होत आला तशी बातमी नव्या गावात पोचली. तिथल्या पंचांनी निरोप धाडला, की हनुमान जयंतीला नकाशा मारुतीच्या मंडपात लावू, म्हाताऱ्या माणसांना गाव बघायला मिळेल. मी हुरळलो. कडेची चौकट काढली, दिशांचा बाण काढला, सगळं झालं. बायको चहा घेऊन आली आणि नकाशाकडं बघत म्हणाली, "लगतवाल्याची सही घेतली का?"

मोजणीचा नियमच आहे तो. ज्याची जमीन मोजायची, त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याला बोलवायचं, त्याच्यासमोर मोजायचं आणि त्याची सही घ्यायची. त्याशिवाय नकाशा पक्का होत नाही. या नियमापायी मी किती लोकांना उन्हात ताटकळत ठेवलं असेल, त्याला गणती नाही.

"इथं कसला लगतवाला?" मी म्हणालो.

"तुमच्या अंथरुणाला लागून कुणाचं अंथरूण व्हतं?" ती म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी नकाशा पत्र्याच्या नळकांड्यात घातला आणि पैठण रस्त्याची एसटी धरली. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "बंदूक हाय का त्याच्यात?" म्हटलं, नकाशा आहे, पाण्यात गेलेल्या गावाचा. तिनं थोडा विचार केला. "मंग मासं कुठं दावलेत?" म्हणाली. मी मासे काढले नव्हते. बाकी रस्ताभर ती माझ्याकडं जरा कीवेनंच बघत होती.

दादा गोठ्यापुढं कडबा तोडत होता. "ये" म्हणाला आणि तोडतच राहिला. वहिनींनी चहा दिला. चहा संपला तरी आम्ही दोघं गुरांकडंच बघत होतो. शेवटी मी अंगणातल्या बाजेवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार कणसं ठेवली आणि म्हणालो, "दादा, गाव काढलंय. बघून दे. तुझ्या सहीशिवाय पक्कं होत नाही."

त्यानं हात धोतराला पुसले आणि वाकला. "नदी कुठंय?" मी दाखवली. मग त्यानं आमच्या घरावर बोट ठेवलं आणि ते बोट चालवायला लागला. अगदी माणूस चालतो तसं, कोपऱ्यावर थांबत, वळत. "हा लिंब. बराबर. हा आड. बराबर. हितं कुंभाराचा ओटा, व्हय." प्रत्येक बराबरला माझी छाती इंचभर फुगत होती. लहानपणापासून या माणसाकडून मी कधी बराबर ऐकलं नव्हतं. बोट शाळेपाशी आलं आणि थांबलं.

"शाळा अलीकडं कशी आली? मधी नाला व्हता."

"नाला शाळेच्या पलीकडं. हा बघ, काढलाय."

"पलीकडं नाय. घर, मंग नाला, मंग शाळा."

माझं डोकं फिरलं. दोन वर्षांचं काम, चार दिवसांवर हनुमान जयंती, आणि हा शेतकरी मला नाला शिकवतो. मी कोर्टात साक्ष द्यावी तसा उभा राहिलो. "हे बघ दादा, माझ्याकडं पुरावा आहे. पहिली ते चौथी मी त्या शाळेत गेलो. भर पावसाळ्यात गेलो. एक दिवस, एकही दिवस माझे पाय ओले झाले नाहीत. नाला मध्ये असता तर झाले असते की नाही? उन्हाळ्यात वाटेवर वाळूचा पट्टा लागायचा, तोही मी काढलाय. पण पाणी नव्हतं."

वहिनी दाराशी आल्या. दादानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, बाजेवर बसला, एक कणीस खाली पडलं.

"तुझे पाय कसे वल्ले व्हतील?" तो म्हणाला. "तू वर व्हतास."

मी शाळेत जायला लागलो त्याच वर्षी वडिलांनी त्याला शाळेतून काढून औताला लावलं होतं. पावसाळ्यात नाला वाहायला लागला की तो सकाळी शेतातून यायचा, मला खांद्यावर घ्यायचा, एका हातात दप्तर उंच धरायचा आणि नाला ओलांडून शाळेच्या पायरीवर उतरवायचा. मग पुन्हा शेतात. दुपारी पुन्हा. चार पावसाळे. मास्तर म्हणायचे, आलाच आहेस तर बस वर्गात. पण अंगावरचं पाणी गळायचं, सारवलेल्या जमिनीला ओल येईल म्हणून तो बसायचा नाही.

दादाच्या खांद्यावर बसल्याचं मला चांगलं आठवत होतं. त्याचे कान धरायचो, टाचा मारायचो. पण तो खेळ आहे, असंच माझ्या डोक्यात होतं. खाली पाणी आहे हे मी बघितलंच नव्हतं. मी बघत होतो शाळेच्या कुडापलीकडं मास्तरीणबाईंनी वाळत घातलेल्या मिरच्या. त्या मिरच्या नकाशात काढल्यादेखील होत्या. सात वर्षांच्या पोराला त्या कुडापलीकडचं दिसलं कसं, हा प्रश्न पस्तीस वर्षं मोजणी केलेल्या माणसाला पडला नव्हता.

आणि मग मला माझं भाषण आठवलं. त्या समारंभात माईकपुढं मी म्हणालो होतो, की मला कुणी शाळेची वाट दाखवली नाही, मी माझ्या दोन पायांनी चालत इथवर आलो. समोर दुसऱ्या रांगेत पांढरा फेटा.

लाज वाटली. इतकी, की वहिनींसमोर मान वर होईना. म्हटलं, "दादा, त्या दिवशी तू जेवला नाहीस, ते यामुळं?"

"घास उतरला नसता," तो म्हणाला. "म्हटलं, ध्यानात यील त्याच्या. दोन वरीस लागले. आता शिकलेल्या माणसाला टाईम लागतोच."

"सांगायचं तरी."

"सांगून काय? दोन पायानं आला म्हनतोस तर आलास. म्या काय तुझं भाषान खोडायचं?"

त्या रात्री मी तिथंच राहिलो, पुढचे दोन दिवसही. शाईची रेघ खोडायची तर ब्लेडनं हळूहळू खरवडावी लागते, घाई केली की कागद फाटतो. पलीकडचा नाला मी खरवडला, शाळा उचलून नव्या जागी नेली. नवा नाला दादाला विचारून विचारून काढला. पाणी किती होतं? आषाढात गुडघ्याला, श्रावणात कमरेला, एकदा छातीला. तेही नाल्याच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं. सही कुठं करू, त्यानं विचारलं. मी म्हटलं, पाण्यातच कर.

हनुमान जयंतीला मंडपात ही गर्दी. ज्याचं त्याचं बोट आपापल्या घरावर. एका आजीबाईंना त्यांची चूल सापडेना म्हणून त्या मला धारेवर धरत होत्या, आणि दादा सकाळपासून नकाशाशेजारी उभा राहून लोकांना नाला दाखवत होता. जेवणाआधी मी माईक मागून घेतला. समारंभात काय बोललो होतो ते सांगितलं, आणि शाळेत खरा कसा गेलो तेही सांगितलं, श्रावणातल्या पाण्यासकट. पुढून दादा म्हणाला, "पुरं कर आता, लोकं उपाशी हायेत."

पंगतीत आम्ही शेजारी बसलो. माझ्या मनात एक प्रश्न तीन दिवस घोळत होता, तो शेवटी विचारला. "दादा, चौथीत तर मी चांगला दहा वर्षांचा होतो. तू सोळाचा. जड झालो नाही का रे तुला?"

त्यानं घास हातात धरून ठेवला. कुणी पोत्याचं वजन विचारावं आणि माणूस आठवून खरं सांगावं, तसा तो थांबला.

"नाय," तो म्हणाला. "तू लई हलका व्हतास. दप्तर तेवढं जड लागायचं."