चांदीच्या मालकिणीला शिव्या

पर्यवेक्षिका मॅडम अंगणवाडीत आल्या होत्या तो दिवस मी काही विसरायची नाही. पोरांची गाणी झाली, वजनं झाली, मॅडम खूश होत्या. मीही खूश होते. पालीची ही अंगणवाडी सहा वर्षं मी सांभाळते आणि गडावर निघालेल्या माणसानंही आत डोकावून बरं म्हणावं अशी ठेवते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका पोरीला डब्याचं झाकण उघडेना. तिनं डबा फरशीवर आपटला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तुज्या मालकिणीचा मुडदा बशिवला!"

मॅडमनी विचारलं, "कुणाची हो ही मुलगी?"

आता काय सांगायचं? म्हटलं, "माझीच."

घरी जाईपर्यंत माझं डोकं तापून निघालं. आशी पाच वर्षांची. ती हे कुठं शिकली ते शोधायची गरजच नव्हती. आमच्या घरात एक म्हैस आहे, चांदी. धारेच्या वेळी लाथ झाडणार, शेपटी तोंडावर मारणार. आणि तिच्याखाली बसलेल्या माझ्या सासूबाई, अंबूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या दोन्ही वेळा तोंडाचा पट्टा सोडणार. "तुज्या मालकिणीची तिरडी उचलली! मसणात गेली तुजी मालकीण!" गडाकडं निघालेली पुण्याची पोरं रस्त्यात थांबून ऐकतात. एकानं तर मोबाईलवर आवाज भरून घेतला, आणि आत्याबाईंनी त्याला वर ताक पाजलं.

त्या दिवशी मी पायातली चप्पलसुद्धा काढली नाही. "आत्याबाई, पोरीसमोर शिव्या देणं बंद करा. आज माझी अब्रू गेली."

"म्या कवा शिव्या दिल्या?"

"मग रोज गोठ्यात काय आरती म्हणता?"

"त्या व्हय!" आत्याबाई हसल्या. "त्या चांदीला न्हाईत काय. तिच्या मालकिणीला हायेत."

ही त्यांची जुनी रीत. जनावर म्हणजे लक्ष्मी, तिला शिवी द्यायची नाही. राग तर येतो, मग तो मालकावर काढायचा. मालक कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नसावा. दुसरा नियम, आईबहिणीवर जायचं नाही. आमचे हे, म्हणजे अजित, टेम्पो चालवायला लागले तेव्हा ड्रायव्हर लोकांकडून एक तसली शिवी शिकून आले होते. एवढ्या बाप्याला आत्याबाईंनी शेणाच्या खराट्यानं झोडपलं. आणि शिवी द्यायची ती तोंडावर, पाठीमागं नाही. पाठीमागं बोलणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा.

त्याला कारणही आहे. मामंजी वारले तेव्हा अजित सात वर्षांचे होते. घरात एक म्हैस आणि एक पोर. दुधाची किटली डोक्यावर घेऊन ही बाई मार्गासनी गावापर्यंत चालत जायची. वाटेत चावडीवर बसलेले लोक काय काय बोलायचे. पहिलं वर्षभर त्या मान खाली घालून गेल्या. एका सकाळी किटली खाली ठेवली, आणि एकेकाच्या समोर उभं राहून असं काही सुनावलं, की त्यानंतर कुणी खाकरलंसुद्धा नाही. त्या तोंडानं आमचं घर राखलं, हे मला कळतं. पण म्हणून माझ्या पोरीनं मॅडमसमोर मुडदे बसवायचे का?

मग मी मागं लागले. आमच्या प्रशिक्षणात सांगतात, मूल शिवी देईल तेव्हा हसू नका, मारू नका, त्याला दुसरा शब्द द्या. मी आशीला 'अरेच्चा' दिला. दुसऱ्या दिवशी तिची बाहुली चुलीपाशी पडली. आशी म्हणाली, "अरेच्चा! तुज्या मालकिणीचा मुडदा बशिवला!" अजित पोट धरून हसले. आत्याबाई पदरात तोंड घालून हसल्या. माझं प्रशिक्षण गेलं चुलीत.

शेवटी एका दुपारी मी वैतागले आणि आशीला समोर बसवून म्हटलं, "ऐक. शिवी दिली ना, की ती खरी होते. ज्याला दिली त्याला लागते."

"खरंच?"

"खरंच. आई खोटं बोलते का?"

बास! त्या घटकेपासून पोरीच्या तोंडून एक शिवी निघाली नाही. मी नवऱ्यापुढं मिरवलं, "बघा, शिस्त म्हणतात ती ह्याला." शेजारच्या संजीवनीलाही हाच उपाय सांगून आले. काय ती माझी हुशारी!

त्याच आठवड्यात जनावरांच्या कानाला बिल्ले मारणारे डॉक्टर आले. चांदीला धरायला चौघं लागली. वहीत लिहिताना डॉक्टरांनी विचारलं, "मालक कोण?"

"मालक कुटला आलाय? मालकीण," आत्याबाई छाती काढून म्हणाल्या. "म्या. लिवा, अंबूबाई. रेडकू व्हती तवापासनं म्या वाढीवलीया." आशी शेजारीच उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी आजीला चिकटून बसायला लागली. आजी गोठ्याकडं निघाली की पदर ओढायची. धारेची चरवी दोनदा कोंबड्यांच्या डालीखाली सापडली. आत्याबाईंनी तोंड उघडलं की आशी त्यांच्या तोंडावर हात ठेवायची. दुपारी त्या जरा आडव्या झाल्या तर ही उशाशी बसून त्यांच्या नाकाखाली बोट धरायची. जेवणही नीट करीना. मला वाटलं, गुणी पोर माझी, आता आजीला शिस्त लावतेय! मी तिला शाबासकी दिली. आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आशी गोठ्याच्या दारात आडवी पडली. "आजीला आत जाऊ देणार न्हाई!"

"आगं, धार काढायची हाय. चांदी हंबारतीय."

"तू शिव्या देतीस!"

"मालकिणीला देती गं."

"मालकीण तूच हायेस!" आशी किंचाळली आणि हमसून हमसून रडायला लागली. "शिवी खरी होते. तू रोज म्हणतीस मालकीण मेली. तू मरशील, आजी."

माझ्या हातातली पेंडीची पाटी खाली पडली. मी धावले, पोरीला उचललं. "आशे, खोटं बोलले गं मी. शिवीनं कुणी मरत नाही. तू ऐकावंस म्हणून तुला भीती घातली. चुकलं माझं."

तिनं मला ढकललं. "न्हाई! तू म्हणालीस आई खोटं बोलत न्हाई."

दुसऱ्यांच्या पन्नास पोरांना शहाणं करणारी मी, माझ्या पोरीला पाच दिवस मरणाच्या भीतीत ठेवलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

माझ्यापेक्षा आत्याबाईंचाच चेहरा उतरला होता. त्यांनी डोळे पुसले, आशीला माझ्याकडून घेऊन गोठ्यात नेलं आणि पेंढ्यावर बसवलं. "बरं. आज गप ऱ्हाती. मंग तर झालं?"

ओठ मिटून धारेला बसल्या. चांदीनं मान वळवून पाहिलं. एवढी शांतता तिच्या जन्मात नव्हती. तिनं पान्हा चोरला, एक थेंब सोडीना. आत्याबाईंनी पाठ थोपटली, सड चोळले, चुचकारलं. चांदीनं शेपटी सणकन तोंडावर हाणली आणि चरवी लाथेनं उडवली.

आत्याबाई ताडकन उठल्या. आशीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हात काड, आशे," आत्याबाई म्हणाल्या. "शिवी खरी व्हतीया म्हंतीस न्हवं? मंग ऐक आता नीट." पदर खोचला, चांदीसमोर उभ्या राहिल्या आणि मार्गासनीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या, "शंभर वर्सं जगली तुजी मालकीण! पुन्यांदा दात उगावलं तिला! नातीच्या लग्नात फुगडी घातली तुज्या मालकिणीनं! काय करायचं ती करून घी!"

तोच आवाज, तोच हिसका, तेच हातवारे. चांदीला काय, एवढंच हवं होतं. गपगुमान उभी राहिली आणि रिकाम्या चरवीत धार वाजायला लागली.

आशी पेंढ्यावरून उतरली. डोळे पुसत आजीच्या पाठीला येऊन बिलगली.

"आजी, शंभर झाल्यावर?"

"मंग आनिक शंभराची शिवी दीन की."

"आत्ताच दे," आशी म्हणाली.