कॅमेऱ्याचं झाकण

पेणला आमच्या आळीत गणपतीचे कारखाने. शेजारी नवी बिल्डिंग उभी राहिली आणि तिथल्या लोकांना आमच्या मातीच्या धुळीचा त्रास व्हायला लागला, आम्हांला त्यांच्या सावलीचा. अंगणात वाळत ठेवलेल्या शाडूच्या मूर्ती दुपारनंतरही ओल्याच राहायच्या.

या कुरबुरींवर माहितीपट काढायला एक जण आला. खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा, आणि बोलताना सारखं लेन्सचं झाकण अंगठ्यानं चाचपायची सवय. सकाळचा चहा आमच्याकडे, संध्याकाळचा बिल्डिंगीत. संशयाला एवढं पुरे होतं.

"बिल्डरचाच मानूस हाय," आमचे काका म्हणाले. "आपली जागा बघून ठेवतोय."

कॅमेऱ्यासमोर त्यांनी हात जोडले. "आमचं कायच म्हननं नाय. शेजारी चांगले हायत."

त्यानं झाकण लावलं. "काका, कॅमेरा बंद आहे. आता तरी सांगा."

मग मात्र काकांना राहवलं नाही. ऊन गेलं, ओल्या मातीवर रंग धरत नाय, पोरं कारखाना सोडून डोलवीच्या स्टील कंपनीत कंत्राटावर चालली, असं सगळं भडाभडा बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता.

तो गेल्यावर काका कपाळाला हात लावून बसले. "समदं चोरून टिपून घेतलं असनार त्यानं!"

त्यानं पाठवलेली कॅसेट आम्ही आळीत टीव्हीवर लावली. बिल्डिंगवाले धुळीबद्दल भरभरून बोलले. मग हात जोडलेले काका दिसले. शेजारी चांगले हायत, म्हणाले. पुढचं ऐकायला आम्ही सगळे सरसावून बसलो, तर पडद्यावर मुंग्या आल्या.

कॅमेरा खरंच बंद होता.